ज्याचं ताट त्यानं आणावं

माझी मुलगी प्रज्ञा दर वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एखाद्या शनिवारी आमच्या थेरगावच्या सोसायटीच्या गच्चीवर तिच्या मित्रमैत्रिणींना बोलावते. कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी हिंजवडीत, सगळे आठवडाभर पिळून निघालेले. आधीच मला तंबी मिळते, "आई, तू काहीही करायचं नाहीस. मीपण काही करणार नाही. सीझनला जे मिळेल ते मांडायचं, प्यायचं ज्याचं त्याने आणायचं आणि नुसतं बसायचं." तिने मोबाइलवर असल्या बैठकांचे फोटो पाहिलेले असतात. लाकडी पाटावर फळं, चीजचे तुकडे, चार मेणबत्त्या आणि नाशिककडची लाल वाइन. यजमानाने दमायचं नसतं, हे ती मला अशा थाटात समजावते की जणू हा शोध काल संध्याकाळी पुण्यात लागला. मी मान डोलावते आणि मनात हसते. कारण काही न करता चार लोकांना बोलवायची ही तऱ्हा माझ्या मायने भोसरीच्या एका गच्चीवर केव्हाच पक्की केली होती. तिने ती दमायला नको म्हणून मात्र काढली नव्हती. ती का काढली, हे प्रज्ञाला मी आजवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. इथे सलग लिहून ठेवते.

आमची खोली भोसरीत, एमआयडीसीच्या अलीकडे, गावातल्या एका जुन्या घराण्याने बांधलेल्या दुमजली इमारतीत होती. खाली घरमालक, वरच्या गॅलरीत ओळीने भाडेकरूंच्या खोल्या आणि सगळ्यांच्या डोक्यावर मोकळी गच्ची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बीडकडून आलेले. एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. कपड्यांना कायम लेथवर सोडतात त्या कूलंटचा तेलकट वास. मायने कितीही सोडा टाकला तरी तो जात नसे आणि पुढे मला तो वास आला की घर आठवायला लागलं. सकाळी भोंगे व्हायचे, प्रत्येक कंपनीचा सूर वेगळा, आणि कुठल्या भोंग्याला कुणाचा डबा भरून तयार पाहिजे हे गॅलरीतल्या सगळ्या बायकांना पाठ. मायचं नाव अनुसया. ठेंगणी, काळीसावळी, बोलायला मऊ आणि एकदा ठरवलं की मग भिंत. आम्ही बौद्ध. विहारात पावसाळ्याचे तीन महिने ग्रंथवाचन चालायचं आणि आश्विनाच्या पौर्णिमेला वर्षावास संपायचा. त्याच पौर्णिमेला बाकीच्या सगळ्यांची कोजागिरी. मायला हे फार पटलेलं होतं. "पुनव एकच हाय की," ती म्हणायची, "मग बसायला काय हरकत हाय एका जागी?"

बसायला हरकत कुणाचीच नव्हती. खाण्याची होती. पण ते मला उशिरा कळलं.

मला आठवते ती पहिली पौर्णिमा अशी. मी लहान, दुसरी-तिसरीत असेन. मायने गॅलरीतल्या सगळ्या घरांना आणि खाली घरमालकिणीला, वत्सलाकाकूंना, आमंत्रण दिलं. आमच्या मराठवाड्यात लग्नकार्याला येसर करतात. धान्यं आणि मसाले खमंग भाजून केलेलं ते पीठ फोडणीच्या पाण्यात सोडलं की जी दाट, तिखट आमटी होते ती एकदा खाल्लेला माणूस विसरत नाही. मायने मोठं पातेलंभर येसर आमटी केली, ज्वारीच्या भाकरी थापल्या, कांदे फोडले. सगळेजण गच्चीवर आले. हसले, बोलले, चंद्राचं कौतुक केलं. आणि माय वाढायला उठली तेव्हा एकेकाला उपास निघाला. वत्सलाकाकू पहिल्या. "आज माजा उपास हाय बगा, अनुसयाबाई." मग त्यांच्या शेजारचीला, मग तिच्या पलीकडचीला. एकट्या रोझी सिस्टरने ताट पुढे केलं. ती वसईची, सरकारी दवाखान्यात नर्स, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एकटी राहायची. उरलेली आमटी आम्ही पुढचे कितीतरी दिवस खाल्ली. मला तर मजा वाटली होती. मायने मात्र ते पातेलं इतकं घासलं की त्याचा तळ उजळला.

पुढच्या वर्षी मायने बेत बदलला. बदलला म्हणजे उलटाच केला. स्वयंपाक काही नाही. अण्णांनी चाकणच्या बाजारातून सायकलवर ओल्या शेंगांचं पोतं आणलं, रताळी आणली, सीताफळं, पेरू, शिंगाडे, केळी. माय संध्याकाळी गच्ची झाडायची, दिवसभराच्या आश्विनातल्या उन्हाने तापलेल्या सिमेंटवर पाणी मारायची, सतरंज्या अंथरायची आणि मधोमध दोन शेगड्या पेटवून ठेवायची. बस्स. "ज्याचं ताट त्यानं आणावं, ज्याचा पेला त्यानं आणावा, आणि ज्याला पाहिजे ते त्यानं भाजून घ्यावं," असं तिने सगळ्या गॅलरीत सांगून ठेवलं. शेंगा टरफलासकट निखाऱ्यावर, रताळी राखेत खुपसलेली, सीताफळ ज्याचं त्याने फोडायचं. घरात भांडी घासायला एक वाटीसुद्धा नाही. सगळ्यांना ही कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या चाळीतल्या बायका विचारायला लागल्या, तुमच्याकडं पुनवेला काय असतं हो? मला मायचा केवढा अभिमान वाटायचा. माझी आई कशी हुशार, काही न करता सगळ्यांना खूश करते, असं मी शाळेत सांगत फिरायची.

दूध वत्सलाकाकू आणायच्या. त्यांच्या मोशीच्या शेतावर म्हशी होत्या. बासुंदीसारखं आटवलेलं, वेलची-जायफळाचं दूध पितळी चरवीतून त्या स्वतः वाढायच्या आणि आमच्या पेल्यात वाढताना धार चांगली उंचावरून धरायच्या. एक थेंब बाहेर सांडत नसे. मला वाटायचं, काय हात आहे बाईचा! मी घरी तांब्याने पाणी ओतून तशी धार धरायचा सराव करायची आणि जमीन भिजवल्याबद्दल बोलणी खायची.

आणि वाइन. हो, वाइन होती. त्या काळी भोसरीत तो शब्द कुणी म्हणत नसे; आम्ही 'सिस्टरचं जांभूळ' म्हणायचो. रोझी सिस्टर मिरगाच्या आगेमागे टोपलीभर जांभळं आणायची, साखर घालून चिनी मातीच्या बरणीत त्यांना दडपून ठेवायची, रोज लाकडी चमच्याने ढवळायची आणि फडक्याने तोंड बांधून ठेवायची. पुनवेपर्यंत ते गाळून बाटल्यांत भरलेलं असायचं. गर्द जांभळं, तुरट, गोड, मागून जरासं घशाला धरणारं. आता आमच्या घरात पंचशील. अण्णांनी तरुणपणी प्यायचं सोडलं ते विहारात शपथ घेऊन. माय तर दारूच्या वासानेही तोंड फिरवायची. सिस्टरने पहिल्या वर्षी बिचकत विचारलं होतं, "अनुसया, आणू का गं? तुला चालेल ना?" मायने क्षणभर विचार केला. "शील माझं हाय," ती म्हणाली, "गच्ची सगळ्यांची हाय. आण तू. पण वाटीभरच, आणि घरी जाऊन कुणी बायकोला शिव्या द्यायच्या नाहीत." सगळे हसले आणि तो नियम झाला. माझ्या आठवणीत त्या गच्चीवर कुणाचा तोल गेला नाही. आजही मी घेत नाही. पण प्रज्ञाच्या मित्रांचे काचेचे ग्लास धुऊन, पुसून, ओळीने मीच मांडून ठेवते.

नववीत होते त्या वर्षीची गोष्ट. सिस्टरचं जांभूळ त्या खेपेला फार झकास जमलं होतं. वत्सलाकाकू नेहमीप्रमाणे आपला पेला घेऊन बसलेल्या. माजा उपास हाय, हे त्यांनी गच्चीवर पाऊल टाकतानाच जाहीर केलं. त्यांचे उपास हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. अण्णा म्हणायचे, भोसरीचं सगळं पुण्य ह्या बाईच्या खात्यावर जमा होणार. तर काकूंनी शेंगा खाल्ल्या, रताळं खाल्लं आणि सिस्टरपुढे पेला केला. "घाल जरा. जांबूळ साकरंला चांगलं अस्तंय." सिस्टरने घातलं. काकूंनी दोन पेले मिटक्या मारत संपवले. मी बघत बसले. उपासाला सिस्टरचं जांभूळ चालतं? मग आठवलं, मागच्या गुरुवारी मी भाड्याची पावती आणायला खाली गेले तेव्हा काकू कांदाभजी तळता तळता खात होत्या, मला एक हातावर टाकलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या, तुज्या आईला म्हनावं, गुरुवारी चहाला बोलवू नगंस, उपास अस्तोय. एकात एक अशा सगळ्या गोष्टी माझ्या डोक्यात बसत गेल्या. टरफलाच्या शेंगा. सालीतली रताळी. ज्याचं त्याने फोडायचं सीताफळ. ज्याचं ताट त्याने. उंचावरून पडणारी दुधाची धार.

खाली आल्यावर माय शेगडीतली राख काढत होती. मी विचारलं, "माय, काकूला खरंच उपास असतो का?"

तिने वर पाहिलं नाही. "आता कळलं का तुला?"

"मग तू का बोलावतीस त्यांना? का सोय करतीस त्यांची?" मला इतका संताप आला होता की माझा आवाज गॅलरीत गेला असणार.

"सोय?" माय उठून उभी राहिली. राखेचे हात तसेच. "त्या वर्षी सगळ्याजणी उपास हाय म्हणल्या. मी म्हणलं, ठीक हाय, उपासाचंच देते. आता कोणतं कारण सांगतेत बघू. माझ्या घरचं म्हणून खायलेत ना? माझ्या शेगडीवर भाजून खायलेत ना? दर वर्षी जिना चढून यायलेत ना? एक एक पायरी चढू दे त्यांना. मला घाई नाही." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "पण मी खाली उतरणार नाही." तेवढं बोलून ती हात धुवायला मोरीत गेली. मी अंथरुणात पडून चरफडत राहिले. तिची चिकाटी मला त्या वयात हारच वाटली. पंधरा वर्षांच्या मुलीला पायरी पायरीने काही नको असतं.

त्याच थंडीत काकूंच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं आणि मंगल घरात आली. मावळातल्या कुठल्याशा वाडीची, हाडाने दणकट, हसली की सगळे दात दिसायचे. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. कपडे वाळत घालायला वर यायची आणि माझ्याशी गप्पा मारत रेंगाळायची, मग खालून काकूंची हाक आली की पळायची. पावसाळ्यात तिला दिवस गेले. काही पोटात ठरेना. काकूंनी जीव टाकून सगळं केलं, हे खरंच सांगितलं पाहिजे. सुनेला कामाला हात लावू देत नसत, मोशीहून रोज ताजं दूध, चिंचा, कैऱ्यांचं लोणचं. पण मंगलचा घास तोंडाशी जाऊन परत यायचा.

आश्विन लागला होता. मायने घरच्यापुरती येसर आमटी केली होती आणि फोडणीचा वास सगळ्या गॅलरीत पसरलेला. दुपारची वेळ, काकू देहूला दर्शनाला गेलेल्या. दारात मंगल येऊन उभी राहिली, एका हाताने चौकट धरून. "मावशी," ती म्हणाली, "काय केलंय ओ? खाली पडवीत वास आला तवापासनं काय सुचंना. वाटीभर द्या की. हितंच बसून खाते. कुनाला न्हाई सांगत मी."

मी उठून वाटी घेतलीसुद्धा. मायने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि फळीवर ठेवली.

"तुला देते की, बाई. पोटभर देते," माय म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "पण इथं नाही. लपून नाही. चार दिवसानं पुनव हाय. त्या दिवशी पातेलंभर करते तुझ्यासाठी. वर गच्चीवर ये तुझं ताट घेऊन आणि सगळ्यांसमोर माग."

मंगलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आत्याबाई काय म्हनतील?"

"ते तू त्यांनाच विचार."

मंगल गेली. आणि मी मायवर तुटून पडले. पोटुशी बाई दारात येऊन मागते आणि तू नाही म्हणतेस? शत्रूलासुद्धा कुणी असं परत पाठवत नाही. तू काकूचा राग तिच्यावर काढायलीस. तोंडाला येईल ते बोलले. माय भाकरी थापत राहिली. तव्यावरची भाकरी फुगली, तिने ती उतरवली आणि मगच बोलली. "आज तिनं इथं दाराआड बसून खाल्लं तर उद्या तिचं लेकरू पण दाराआडूनच येईल. मागच्या दारानं एकदा घास गेला ना शोभा, की जन्मभर मागच्या दारानंच जातो. मी चोरी केली नाही. माझी आमटी चोरीची नाही." तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "मला काय बरं वाटलं असंल का, तिला परत पाठवताना?"

संध्याकाळी अण्णांना कळलं तेव्हा ते बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसले. "घरमालकीण हाय ती. खोली सोडा म्हणली तर?" माय म्हणाली, "भोसरीत खोल्या कमी हायत का?" खोल्या कमी होत्या, आणि आम्हाला द्यायला तयार असणाऱ्या त्याहून कमी, हे तिघांनाही माहीत होतं. अण्णा म्हणाले, "जरा जास्तच कर मग. मीपण खाणार हाय." तेवढ्यावर विषय संपला.

पुनवेच्या संध्याकाळी नेहमीसारखी गच्ची झाडली, पाणी मारलं, सतरंज्या अंथरल्या, शेगड्या पेटवल्या. शेंगा, रताळी, सीताफळं मांडली. आणि त्यांच्या शेजारी, कितीतरी वर्षांनी, मायचं मोठं पातेलं. झाकण घातलेलं, पण वास झाकणाला थोडाच जुमानतो. वर येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा त्या पातेल्याकडे बघायचा, मग मायकडे, मग आपापली जागा शोधायचा. नेहमीचा गलका नव्हता. सिस्टर बाटल्या घेऊन आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आज काय आहे गं?" मी तिच्या हातातल्या बाटल्या घेतल्या. काकू दुधाची चरवी घेऊन आल्या. त्यांनी पातेलं पाहिलं आणि बसता बसता म्हणाल्या, "माजा उपास हाय बरं का, अनुसयाबाई."

"माहीत हाय," माय म्हणाली.

मंगल शेवटी आली. हातात स्वतःचं स्टीलचं ताट, छातीशी धरलेलं. ती सासूशेजारी बसेल असं वाटलं. ती बसली नाही. सगळ्या सतरंज्या ओलांडून सरळ मायपुढे आली आणि ताट पुढे केलं. "मावशी, आमटी वाढा."

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. काकूंचा आवाज आला, "मंगल, काय चाललंय तुजं? खाली चल."

"भूक लागलीया, आत्याबाई," मंगल म्हणाली. ती वळली नाही. "लई दिसांनी लागलीया."

मायने झाकण काढलं, पळी भरली आणि तशीच हातात धरली. ताटात सोडली नाही. ती काकूंकडे वळून म्हणाली, "वत्सलाबाई, तुमच्या सुनंला वाढायले. तुम्ही नको म्हणा, मी नाही वाढत. पण आज मोठ्यानं म्हणा. का नको तेबी सांगा. उपास सांगू नका."

मी आयुष्यात पुष्कळ मीटिंगा पाहिल्या. चाकणला क्वालिटी खात्यात उभं आयुष्य काढलं, परदेशी साहेबांसमोर आपल्या लाइनचा माल नापास करायची वेळही आली. पण पळीतून आमटीचा एक थेंबही खाली पडू न देता माय जशी ताठ उभी होती, तशी मी कधी कुठेच उभी राहिलेली नाही. काकूंचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या ताटांत बघत होते. "मला इचारू नगा," त्या शेवटी पुटपुटल्या, चरवी उचलली आणि जिना उतरून गेल्या.

"नको म्हणल्या नाहीत," माय म्हणाली आणि पळी ताटात ओतली.

मंगल तिथेच मायच्या पायाशी फतकल मारून बसली. भाकरी कुस्करली, आमटीत कालवली आणि खायला लागली. नाकातून पाणी येत होतं, डोळ्यांतून येत होतं, पण हात थांबत नव्हता. दोनदा मागून घेतलं. सिस्टरने ताट पुढे केलं. मग अण्णांनी. मग गॅलरीतली एक साताऱ्याची बाई, जिला दर वर्षी उपास असायचा, ती खाली मान घालून म्हणाली, "मलाबी वाईच घाला." बाकी काहीजण उठून गेले. पातेलं रिकामं झालं नाही, पण अर्ध्याच्या खाली गेलं. दूध तर गेलंच होतं. लोक कोजागिरीला चंद्र दुधात बघतात. त्या वर्षी आम्ही तो सिस्टरच्या जांभळात पाहिला. मला त्या रात्री मायच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. मी पडले नाही, तिच्याबरोबर भांडी घासली.

खोली सोडा असा निरोप येईल म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. तो आला नाही. काकू आठ-पंधरा दिवस बोलल्या नाहीत, मग नळावर बोलायला लागल्या. मंगलला मुलगी झाली, आणि ती रांगत रांगत पुढच्या दाराने आमच्या घरात आली. पुढच्या पुनवेला काकू आल्या, चरवी घेऊन. मायने पळी भरून विचारलं, "वाढू का?" काकू म्हणाल्या, "मला नगं." उपासाचं नाव काढलं नाही. त्यानंतर आम्ही थेरगावला येईपर्यंत दर वर्षी माय विचारायची आणि काकू म्हणायच्या, मला नगं. मला हे असह्य व्हायचं. मायला नाही. "आता खरं बोलायली ती," माय म्हणायची. "आधी त्याचीबी बोंब होती."

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची ताटं माझ्याकडे आहेत, मागे नाव घातलेली, 'सौ. अनुसया'. मंगल दर वर्षी आमच्या गच्चीवर येते. आता तिचे केस पांढरे, मोशीच्या शेतावर इमारती उभ्या, पण भूक तीच. प्रज्ञा कितीही म्हणाली काही करू नकोस, तरी मी एक पातेलं करतेच. चीज आणि द्राक्षांच्या पाटाशेजारी माझी येसर आमटी असते आणि हिंजवडीची पोरं वाइनबरोबर ती अशी ओरपतात की प्रज्ञाचे फोटो काढायचे राहून जातात.

या वर्षीचा शनिवार कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी आला. मंगल आली ती काकूंना धरून. काकू आता पार वाकल्या आहेत, गुडघे गेलेले. लिफ्टने वर आल्या आणि गच्चीचा शेवटचा जिना तेवढा कठडा धरून धरून चढल्या. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. खुर्चीवर टेकल्यावर त्यांनी फडकं सोडलं. आत त्यांचं ताट होतं. "तुजी आई म्हनायची न्हवं," त्या म्हणाल्या, "ज्याचं त्यानं आनावं."

मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला राग आला. जुना, दहावीतल्या मुलीचा, जसाच्या तसा. मी म्हणाले, "काकू, माय किती वर्षं पळी घेऊन उभी होती. तेव्हा का नाही?"

पोरांचा हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी बाटलीचं बूच काढत होतं. "ती समद्यांसमोर इचारायची गं," काकू म्हणाल्या. "समद्यांसमोर हो म्हनायला माज्यात तेवढं न्हवतं. ती गेली तवा वाटलं, आता कोन इचारनार."

मी विचारणार नव्हते. ते मायचं काम होतं आणि तिने ते पुरेपूर केलं. मी त्यांचं ताट उचललं, फडक्यात परत गुंडाळलं आणि मंगलच्या पिशवीत ठेवलं. खाली जाऊन मायचं ताट आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "माझ्या घरी माझ्या घरची ताटं आहेत," मी म्हणाले. काकूंनी ते उलटं करून पाहिलं. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षरांवरून बोट फिरवलं. काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नाही.

मग आकाशाकडे बघून म्हणाल्या, "आज माजा उपास हाय गं, शोभा."

मंगलने कपाळावर हात मारला. मी ताट परत घ्यायला हात पुढे केला. पण काकूंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"खरंच हाय. चतुर्थी हाय आज. चंद्रबी उगवायचाय अजून." त्यांनी ताट सुलट केलं आणि माझ्यापुढे धरलं. आवाज एवढा मोठा, की वाइनचे ग्लास घेतलेली पोरं वळून बघायला लागली. "वाढ."